घरचा एकच पासवर्ड आणि घोड्याचे चार पाय

३ फेब्रुवारी

प्रिय चिंगळी,

तुझं पत्र येऊन बावीस दिवस झाले. उत्तर लिहायला आजच बसलो असं सांगणार होतो, पण ते खोटं आहे. याआधी चार वेळा बसलोय. पहिल्यांदा पेन सापडलं नाही. दुसऱ्यांदा सापडलं, तर ते कोणाचं हे विचारत फिरलो आणि ज्याचं निघालं त्याच्याबरोबर पोहायला गेलो. तिसऱ्यांदा 'प्रिय' एवढं लिहून झोप लागली. चौथ्यांदा कागदाची होडी करून पाहिली, फक्त तरंगते का बघायला. तरंगली. गेली.

कागदावर लिहावं लागतंय कारण माझा फोन डिसेंबरात निळ्या रंगानं भरलेल्या बादलीत पडला. बाहेर काढला तेव्हा इतका देखणा दिसत होता की टाकवेना. लागत मात्र नाही.

सध्या मी एका तळ्याकाठी बोटी दुरुस्त करायच्या शेडमध्ये आहे. (बेकरी सोडली. पीठ उडतं, शिंका येतात, शिंकलं की मालक ओरडतो.) इथं माझं काम म्हणजे बोट उलटी घालून तिचा तळ खरवडायचा. वर्षभराचं शेवाळ, शिंपल्या, एकदा तर कोणाचा तरी चमचा. खरवडून झालं की रंगारीकाका येतात. वय सत्तर, मिशी पांढरी, टोकाला कायम कसला तरी रंग. चाळीस वर्षं इथं आहेत, एक दिवस रजा नाही. त्यांची एक वही आहे. कुठल्या बोटीला कुठला रंग, किती हात दिले, सगळं तारीखवार लिहितात. मला म्हणतात, "तू वही ठेवत नाहीस, म्हणून तुझं आयुष्य एकाच हातात उडून जातं." एक हात म्हणजे रंगाचा एक थर, हे मला आठवड्यानं कळलं. तोवर मी माझे हात बघत होतो.

मालकीणबाईंच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर आहे. जेवणाच्या सुट्टीत वापरू देतात. काका त्याला हात लावायला घाबरायचे, तर मी त्यांना शिकवलं. आता सोडत नाहीत. मी आपला बाहेर झाडाखाली पडतो.

बाकी, तुझा घोड्यातला फोटो पाहिला! काय दिसतेस! म्हणजे दिसतच नाहीस, मागचे पाय तेवढे दिसतात, पण त्या गुडघ्यांवरून मी लगेच ओळखलं. शाळेच्या नाटकात आमच्या घरातलं कोणी घोड्याचा अर्धा भाग झालंय, याचा मला अभिमान आहे. मी नववीत शाळा सोडली (का शाळेनं मला, यावर तुझी आजी आणि मी अजून भांडतो), तोवर मला झाडाचंसुद्धा काम मिळालं नव्हतं.

ताईला सांग मी जेवतो. आईला सांग मी अंघोळ करतो.

तुझा,
भोवरा मामा

११ फेब्रुवारी

मामा,

आमच्याकडे आकाश कोसळलंय आणि तू शिंपल्या खरवडतोयस.

माझ्या अकाउंटवरून कोणीतरी दुसरंच लिहितंय. माझ्या नावानं, माझ्या फोटोखाली, माझ्या सगळ्या ओळखीच्यांना. आमच्या मॉनिटरनं तोंडाचा चंबू करून फोटो टाकला होता. त्याखाली 'मी' लिहिलं, "तोंड असं का केलंय? दाढ दुखते का? मिठाच्या पाण्यानं गुळण्या करा." खेळाच्या सरांनी उगवत्या सूर्याचा फोटो टाकला. 'मी' म्हणाले, "पिवळा जास्त झालाय. सूर्य खरा वाटत नाही." सरांनी मला मैदानाला सहा फेऱ्या मारायला लावल्या, सूर्य खरा आहे हे पटेपर्यंत.

हे सगळं चाललं असतं. पण पुढचीनं नवीन केस कापले.

पुढची म्हणजे माझी मैत्रीण, घोड्यातले पुढचे पाय आणि तोंड. बालवाडीपासून आम्ही एकत्र आहोत, हे तुला माहीत आहे. तिला ते केस आधीच आवडले नव्हते. दोन दिवस टोपी घालून फिरली, मग मीच म्हटलं टाक गं फोटो, छान दिसतायत. तिनं टाकला. आणि त्याखाली, माझ्या नावानं: "कात्रीला धार नव्हती. डावी बाजू कच्ची राहिली आहे. दुसरा हात मारावा."

एकशे बारा जण हसले. ते हसरे चेहरे तिनं मोजले.

ती घोड्यातून बाहेर पडली, मामा. सगळ्यांसमोर डोकं काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "आता पुढचं-मागचं दोन्ही तूच हो." नाटक चोवीस मार्चला आहे. एका माणसाचा घोडा होत नाही. मी करून पाहिला, त्याची बकरी होते. त्यातून शेपटी उंदरांनी नेली आहे. पण मला घोड्याचं काही पडलेलं नाही. ती डबासुद्धा दुसऱ्या बाकावर जाऊन खाते.

मी आईला म्हटलं, हे मी लिहिलं नाही. आई म्हणाली, "मग काय तुझ्या घोड्यानं लिहिलं?" आणि फोन आजीच्या कपाटात गेला, शालीच्या घडीत. गंमत म्हणजे फोन कपाटात असतानाही कमेंट येतच आहेत! तर आई म्हणते शाळेतून करत असशील.

आता पासवर्डचं ऐक. आपल्या घरात सगळ्यांचा मिळून एकच पासवर्ड आहे हे तुला माहीतच आहे. आजीनं गेल्या वर्षी तो कापडावर भरतकाम करून, फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलाय, विसरायला नको म्हणून. 'बोक्याखालीउतर९', भोवती वेलबुट्टी. मी त्या भिंतीपुढे उभी राहून किती फोटो टाकलेत! म्हणजे अख्ख्या शाळेला माझा पासवर्ड माहीत आहे, रंगीत दोऱ्यासकट.

आजीला म्हटलं बदलूया. तर म्हणते, "तीन आठवडे डोळे फोडलेत मी त्याच्यावर. उसवणार नाही. चोरालाच सांग बदलायला."

काहीतरी सुचव. पुढची परत आली पाहिजे. आणि या वेळी बावीस दिवस लावू नकोस.

तुझी,
चिंगळी (मागचे पाय)

१९ फेब्रुवारी

प्रिय चिंगळी,

बघ, आठच दिवसांत लिहितोय! पेन कानावरच ठेवलं होतं. तिथं आहे हे आठवायला तेवढे लागले.

तुझं पत्र वाचून माझं रक्त उसळलं. मी खरवडणी जमिनीवर आपटली. ती पायावर पडली, ते जाऊ दे. हा हॅकर आहे, चिंगळे. मी अशा लोकांबद्दल एका ट्रकड्रायव्हरकडून खूप ऐकलंय. ते अंधाऱ्या खोलीत बसतात, काळं टोपडं घालतात, समोर सात-आठ स्क्रीन असतात आणि बोटं अशी चालतात की दिसत नाहीत. तुमच्या शाळेवर त्याचा डोळा आहे. का, ते मला माहीत नाही. कदाचित त्याला कधी नाटकात घेतलं नसेल. (त्या बाबतीत मी त्याला समजू शकतो.)

माझा सल्ला नीट ऐक. पासवर्ड म्हणजे दात घासायचा ब्रश. ज्याचा त्यानं वापरावा, दुसऱ्याला देऊ नये, भिंतीवर तर लावूच नये. परक्या कॉम्प्युटरवर बसलं तर उठताना बाहेर पडून उठावं, दार उघडं टाकून जाऊ नये. हे मी ट्रकड्रायव्हरला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, तू शिकलेला दिसतोस. आणि रागाच्या भरात उलट काही लिहू नकोस. तसं तुझा फोन शालीत आहे म्हणा. चोराला वाटतं आपण चिडावं.

इथं मजेत चाललंय. रंगारीकाका तर दहा वर्षांनी तरुण झालेत. जेवणाचा डबा कॉम्प्युटरपुढेच उघडतात. काल मला म्हणाले, "अरे, किती माणसं मला फोटो दाखवतात! आणि खाली चौकोन असतो, लिहा म्हणून. चाळीस वर्षं इथं लोक मला येऊन सांगतात, निळा दे, लाल दे. तुम्हाला काय वाटतं असं कोणी विचारलं नव्हतं रे." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. का टर्पेंटाइन होतं, कोण जाणे. मी म्हटलं, "काका, बिनधास्त लिहा. जे मनात येईल ते." ते एका बोटानं टाइप करतात, आणि आधी वहीत उतरवतात. प्रत्येक उत्तराची नक्कल, तारीखवार. म्हणतात रंगाची नोंद ठेवायची आणि शब्दाची नाही, हे कसं चालेल?

त्यांना तिथं कोण कोण भेटतं! दाढ दुखणारी एक मुलगी भेटली म्हणाले. मी म्हटलं इंटरनेटवर सगळ्यांचंच काही ना काही दुखतं.

तर तू घाबरू नकोस. चोर शोधण्यात मी हुशार आहे. बेकरीत बिस्किटं कोण खातं हे मीच शोधलं होतं. (मी होतो. पण शोधलं.)

तुझा,
भोवरा मामा

२६ फेब्रुवारी

मामा,

हे पत्र उभं राहून वाच.

तुझं पहिलं पत्र मी काल परत वाचलं. तू माझा घोड्यातला फोटो पाहिलास म्हणतोस. तो मी फक्त माझ्या अकाउंटवर टाकला होता, ते बंद अकाउंट आहे, मी घेतलेल्या लोकांनाच दिसतं. तू त्यात नाहीस. तुझा फोन निळा आहे. मग गुडघे कुठून ओळखलेस?

मला सांग, मॉनिटरची दाढ दुखते हे तुझ्या काकांना कोणी सांगितलं?

आणि 'दुसरा हात मारावा' असं केसांबद्दल कोण म्हणतं, मामा? न्हावी म्हणत नाही. आमच्या शाळेत कोणी म्हणत नाही. काळ्या टोपड्यातला माणूससुद्धा म्हणणार नाही. तुझ्याच पत्रात लिहिलंयस तू, एक हात म्हणजे काय ते.

आता ऑफिसात जा. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर वर कोपऱ्यात एक छोटा गोल फोटो असेल. त्यात कोण आहे ते बघ. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच. आणि कळसा तूच काखेत मारून बसलायस.

मध्ये कुठेही पोहायला जाऊ नकोस.

चिं.

४ मार्च

प्रिय चिंगळी,

उभा राहून वाचलं. मग बसलो. मग ऑफिसात गेलो. वाटेत मालकीणबाईंचं कुत्रं खेळायला आलं, तरी थांबलो नाही. यावरून समज.

गोल फोटोत तू आहेस. दात काढून हसतेयस.

सगळं आठवलं. वीस जानेवारी. तुझं पत्र आलं होतं, त्यात घोड्याचा फोटो टाकलाय असं लिहिलं होतंस. मला माझं अकाउंट उघडेना, नावच आठवेना. मग मी तुझं नाव टाकलं आणि 'बोक्याखालीउतर९'. आपल्या घरचाच तर आहे, त्यात काय! फोटो बघितला, हसलो, उठलो, गेलो. खाली 'मला लक्षात ठेवा' असं काहीसं होतं, त्यावर टिक केली होती. मला वाटलं प्रेमानं विचारतायत. पुढच्या आठवड्यात काकांना शिकवायला बसलो तर पान उघडंच होतं. मी म्हटलं, हे बघा काका, हे इंटरनेट.

म्हणजे ज्यानं दार उघडं टाकून जाऊ नये असा उपदेश पानभर केला, तोच दार उघडं टाकून झाडाखाली झोपला होता. तुला आणखी काही लिहायचं असेल तर लिही. मी उभा आहे.

काकांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ते एका छोट्या बोटीला पांढरा देत होते. मी म्हटलं, काका, ते पान सगळ्या जगाचं नाही. ते माझ्या भाचीचं आहे. तुम्ही लिहिलेलं तिच्या नावानं जातं. ते म्हणाले, "म्हणजे त्या मुली मला विचारत नव्हत्या?"

"नाही, काका."

"आणि ती, केस कापलेली?"

"तिनं घोडा सोडला."

त्यांनी ब्रश डब्यावर आडवा ठेवला. ओला ब्रश ते कधी ठेवत नाहीत. म्हणाले, "मी एका पोरीच्या तोंडानं दुसऱ्या पोरीला बोललो," आणि तळ्याकडे तोंड करून बसले. मीही शेजारी बसलो. बदकं मोजली. अकरा.

मग ते उठले आणि त्यांनी मला वही दिली. "ही पाठव. माझी अक्षरं आहेत, तारखा आहेत. पोरीवरचा आळ तरी जाईल." या पाकिटात तीच वही आहे, चिंगळे. वर्षाचे रंग आहेत तिच्यात, जपून ठेव. अकाउंटमधून मी बाहेर पडलोय. अर्धा तास लागला, मालकीणबाईंनी मदत केली आणि बरंच काही बोलल्याही.

अकरा फेब्रुवारीचं पान मात्र आधी ताईला दाखव. कोणीतरी तुला निरोप पाठवत होता, 'घोडेस्वार १५' नावाचा. मी वाचलं आणि माझं हसू गेलं. काकांनी त्याचंही सगळं उतरवलंय, पूर्ण.

तुझा,
मामा (भोवरा म्हणू नकोस काही दिवस)

१२ मार्च

मामा,

उभं राहून राहून पाय दुखले असतील, बस आता. मीही थोडी दोषी आहे. वीस जानेवारीला माझ्या फोनवर आलं होतं, 'नव्या ठिकाणाहून कोणीतरी आत आलंय, तुम्हीच का?' मी तालमीत होते, दोन्ही हात घोड्यात. न वाचता नाकानं 'हो, मीच' दाबलं. तू दार उघडलंस, मी नाकानं कडी काढली.

वही आईला दाखवली. पहिली पानं वाचून आई इतकी हसली की भिंतीला धरून खाली बसली. मग अकरा तारखेचं पान आलं. ते मी इथं उतरवते, म्हणजे तुझ्याकडेही राहील.

तो: तू खूप गोड दिसतेस.
काका: फोटोत फक्त गुडघे आहेत. चष्मा लागला आहे का?
तो: मी पंधरा वर्षांचा आहे. माझ्याकडे खरा घोडा आहे. मैत्री करू. घरी सांगू नकोस, आपलं गुपित.
काका: घरी न सांगण्यासारखं काय आहे? तुझ्या घरी माहीत आहे का? वडिलांना बोलाव.
तो: शाळा कधी सुटते? चेहऱ्याचा फोटो पाठव ना.
काका: आधी तू. घोड्यासकट, हातात आजचं वर्तमानपत्र धरून.
तो: कॅमेरा बिघडलाय.
काका: बरं. घोड्यावर कुठल्या बाजूनं चढतोस?
तो: उजव्या.
काका: मी तबेले रंगवले आहेत. घोड्यावर डावीकडून चढतात. तुझ्याकडे घोडा नाही आणि तू पंधराचा नाहीस. चल नीघ.

आणि त्याखाली शेरा: 'पळाला. रंग कच्चा होता.'

आई हसली नाही. तिनं मला जवळ ओढलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग आम्ही दोघी वही घेऊन पुढचीच्या घरी गेलो. तिनं दार अर्धंच उघडलं, टोपी घालून. उंबऱ्यातच उभी राहून वाचायला लागली. दाढेच्या पानावर ओठ हलले तिचे. पण अकरा तारखेच्या पानावर ती खाली बसली.

मामा, तो तिलाही लिहीत होता. दोन महिने. तोच, तेच शब्द. तिला वाटत होतं, माझ्यावर रागावल्यापासून तोच एक मित्र उरलाय. तिनं त्याला फोटो पाठवला होता, शाळेची वेळ सांगितली होती आणि त्याच आठवड्यात शनिवारी चार वाजता बसस्टॉपवर भेटायला जाणार होती. घोडा बघायला. कोणालाही सांगितलं नव्हतं, कारण सांगू नकोस असं तो म्हणाला होता.

ती रडली, तिची आई रडली, मग माझी आई रडली. मी रडले नाही, मी पाणी आणलं. (मग स्वयंपाकघरात रडले.) दोन्ही आया पोलिसांकडे जाऊन आल्या. त्यांनी सगळे निरोप ठेवून घेतले, काही पुसायचं नाही म्हणाले, आणि पुढचीला म्हणाले, तुझी काहीच चूक नाही, सांगितलंस हे फार बरं केलंस. शनिवारी चार वाजता बसस्टॉपवर त्याला भेटायला पुढची नाही, तेच गेले. तो पंचेचाळीस वर्षांचा निघाला. घोडा नव्हताच. आता तो त्यांच्याकडे आहे.

तर पुढची परत माझ्याशेजारी डबा खाते. पण घोड्यात यायला तयार नाही! म्हणते, "जीव वाचवला ते वेगळं, केसांचं वेगळं. एकशे बारा जण हसले. ज्यानं लिहिलं त्यानं माझ्यासमोर येऊन माफी मागावी. तुझी नको, तू लिहिलंच नाहीस. पत्रातली नको. समोर." मी म्हटलं, अगं ते सत्तर वर्षांचे आहेत, कुठल्या कुठं राहतात. ती म्हणाली, "मग घोडा नाही."

तिचं खरं तर बरोबर आहे. पण चोवीस तारीख आली.

आजीनं काल भरतकाम उसवलं. कोणी सांगितलं नाही, स्वतःच. आता प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आणि वर दुहेरी कुलूप, फोनवर आकडा आल्याशिवाय दार उघडत नाही. फ्रेम रिकामी बरी दिसेना, म्हणून आजीनं नवीन भरलंय: 'सांगणारनाही'. मला दाट शंका आहे की तोच तिचा नवा पासवर्ड आहे.

तुझी,
चिंगळी

२१ मार्च

प्रिय चिंगळी,

तुझं पत्र वाचल्यापासून मी रोज एकदा झाडाखाली बसून त्या शनिवारचा विचार करतो, आणि झोप लागत नाही. मला! झाडाखाली!

तुझं पत्र, आणि आधीचीही सगळी, मी काकांना मोठ्यानं वाचून दाखवली. घोडेस्वाराचं ऐकून ते एवढंच म्हणाले, "डावी-उजवी कळत नाही आणि पोरींना फसवतो." पण केसांची अट त्यांनी दोनदा वाचायला लावली. मी म्हटलं, काका, मनावर घेऊ नका, पोरीबाळींचं चालतंच. ते म्हणाले, "तुझं चालतं. माझं नाही चालत."

आणि आज सकाळी काका नाहीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! ब्रश धुऊन, पुसून, टांगून ठेवलेत. पांढऱ्या बोटीला एकच हात दिलाय, दुसरा बाकी. खोलीला कुलूप. इस्त्रीचा शर्ट खुंटीवर नाही. शेडमधला जुना दोरखंडही हातभर कापलेला आहे, तो कोणी नेला कोण जाणे. मालकीणबाई म्हणतात नातेवाइकाकडे गेले असतील, पण त्यांना नातेवाईक नाहीत. मी तळ्याभोवती दोन चकरा मारल्या, हाका मारल्या. बदकं तेवढी आली.

त्यांना वाईट वाटलं असणार. माझ्यामुळे. मी एका म्हाताऱ्या माणसाला जग दाखवायला गेलो आणि त्याच्या हातून वही गेली, कॉम्प्युटर गेला, आणि आता तोच गेला. आजपासून मी स्वतःची वही ठेवायला सुरुवात केली आहे. पहिलं वाक्य लिहिलंय: 'काका सापडले की सांगायचं, चूक माझी.' आणि विसरलो नाही बघ, इथं लिहिलं.

तुझ्या पत्राचं पाकीट मी खिळ्याला अडकवलं होतं, पत्त्यासाठी. तेही वाऱ्यानं गेलं. पत्ता पाठ आहे म्हणून बरं. कोणाला देत नाही.

काही कळलं तर लिहितो. तुमच्या घोड्याला माझ्या शुभेच्छा. बकरी झाली तरी चालेल.

मामा

२४ मार्च, दुपारी साडेचार, स्टेजमागची खोली

मामा,

तुझं पत्र सकाळी आलं. हे मी नाटकाच्या कार्यक्रमपत्रिकेच्या मागं लिहितेय, गुडघ्यावर ठेवून. मागचे पाय चढवून झालेत. पडदा पाच वाजता आहे. पुढची समोर स्टुलावर बसलीय, घोड्याचं डोकं मांडीवर घेऊन. घालत नाहीये. "धरून बसायला काय जातंय," म्हणते. बाई दर दोन मिनिटांनी येऊन आमच्याकडे बघतात आणि घाम पुसून जातात. आई पिना लावायला आलीय.

आत्ता मागच्या दारावर टकटक झाली. मी उठले तर आईनं पाय ओढला, म्हणजे घोड्याचा. "आधी विचार कोण ते."

"कोण?"

"मी रंगारी. बोटींच्या शेडवरचा. चार गाड्या बदलत आलो. एक चुकली. घरी आजींनी शाळेचा रस्ता सांगितला."

माझ्या हातून पेन पडलं. पण आई दाराला पाठ लावून उभी. "हे कोणीही सांगेल. वहीत अकरा तारखेच्या पानाखाली काय शेरा आहे?"

"पळाला. रंग कच्चा होता."

आईनं माझ्याकडे बघितलं. कडीला हात घातला. तेवढ्यात पुढची उठली. दाराशी गेली आणि फटीला तोंड लावून म्हणाली, "आणि माझ्या केसांबद्दल काय लिहिलं होतंत?"

बाहेरून आवाज आला, हळू.

"डावी बाजू कच्ची राहिली आहे असं. होती तशी, पोरी, खोटं नाही बोलणार. पण ते तुला एकटीला हळूच सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. एकशे बारा लोकांत लिहायचं नव्हतं. कोणाच्या का नावानं असेना. ते सांगायला आलोय. दार उघडलं नाही तरी चालेल, मी पुढे जाऊन खुर्चीत बसतो, घोडा बघतो आणि जातो."

पुढची हसायला लागलीय, मामा. डाव्या बाजूवर हात ठेवून, डोळे पुसत. आणि कडी तिनंच काढली.

तुझे काका आलेत. मिशीला पांढरा रंग आहे, शर्ट चुरगळलाय, एका हातात माझ्या पत्राचं पाकीट आहे आणि दुसऱ्या हातात दोरखंड उसवून केलेली, दोन हात दिलेली, झुबकेदार शेपटी.